आपली माती समुद्रात सापडली



पैठण रस्त्यावरच्या या कारखान्यांच्या गावात समुद्राच्या अभ्यासाचं काय काम, असं आमच्या एका सोयऱ्याने परवा विचारलं. काम आहे. आपल्या रानातली माती बंगालच्या उपसागराच्या तळाशी सापडली आहे.

लिव्हियू जोसान हे मूळचे रुमानियाचे, अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेतले सागरी भूशास्त्रज्ञ. डॅन्यूब, सिंधू आणि आपली गोदावरी, या नद्यांच्या गाळामागे ते वर्षानुवर्षं लागले आहेत. २००६ साली गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून खोल पाण्याखाली बोअर घेऊन गाळाचे थर वर काढले गेले. त्यावरचा जोसान आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१७ साली आला. मोसमी पाऊस कमजोर होत गेला, तशी दख्खनच्या बेसाल्टची माती त्या थरांत वाढत गेली. पुढे पठारावर शेती पसरली, तशी आणखी वाढली.

पाऊस कमी तर माती कमी वाहील, असाच आपला हिशेब असतो. पण दुष्काळात गवत-झुडूप जातं, रान उघडं पडतं आणि मग एकच जोराची सर तासाभरात ओघळी पाडते. धसकटं उपटलेल्या कपाशीच्या रानात उताराकडे जाऊन बघा. वरची काळी गेलेली, खालचा मुरूम उघडा. हे सांगायला शेतकऱ्याला निबंध लागत नाही. हजारो वर्षांचा हिशेब मात्र समुद्राच्या तळाशीच जमा होता.

आता मातीची समुद्राकडची वाट धरणांनी अडवली आहे. आंध्रातल्या अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत होती. १९९०च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला. तिकडे मुखाजवळचा किनारा खचतो, इकडे धरणांची साठवण घटते. माझं मत विचाराल, तर उन्हाळ्यात हायवा लावून धरणातला गाळ शेतात पसरणारा माणूस या प्रश्नावर आपल्या सगळ्यांहून जास्त काम करतो. त्याचं डिझेलचं बिल परवडतं का, हे आज चर्चेत जरूर येऊ द्या. म्हणूनच पुढच्या रांगा शेतकऱ्यांसाठी राखल्या आहेत. अधिकारी मंडळींनी राग मानू नये.

स्वागत समितीच्या वतीने सर्वांचं मनापासून स्वागत. जेवण एक वाजता आहे. अडीचला नाथसागर जलाशयाकडे गाड्या सुटतील, तिथे गाळपेराची रानं पाहता येतील. मंडपातलं पाणी टँकरचं आहे, तेवढं जपून वापरावं.