कळलावी अंगणात लावताना

पावसाळ्यात कुंपणाच्या काटेरी झुडपांतून कळलावीची वेल वर चढते. फूल उमलते तेव्हा पिवळे असते, पुढे लालभडक होते. म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. तामिळनाडूचे हे राज्यफूल. असे फूल आपल्या ओट्याजवळ असावे असे कुणालाही वाटेल. जरूर लावा, पण ही वेल मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे, हे आधी ध्यानात घ्या.

रानातला कंद खणून आणू नका. औषधासाठी खणल्यामुळे ती पुष्कळ ठिकाणी दुर्मिळ झाली आहे. रोपवाटिकेतून कंद घ्या. बियांपासूनही वेल होते, मात्र फुलाला दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

कुंडी एक फूट खोल, बुडाला भोक असलेली घ्या. आपली हट्ट्याकडची काळी माती नुसती भरू नका. पाणी धरते आणि कंद कुजतो. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण करा. मृगाच्या सुमारास कंद दोन इंच खोल, आडवा ठेवा. कंदाच्या टोकाचा डोळा मोडला तर कोंब येत नाही, तेव्हा जपून हाताळा. पानांच्या टोकांना तणावे असतात. त्यांना धरायला बारीक काटक्या रोवा. ऊन भरपूर हवे. हिवाळ्यात वेल वाळते. ती मेली असे समजू नका. पाणी बंद करा, कुंडी कोरड्या जागी ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. वसमत भागात घरोघरी हळदीचे बेणे साठवलेले असते. कळलावीचा कंद त्या गड्ड्यांजवळ किंवा रताळ्यांजवळ कधीही ठेवू नका. चुकून पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. शेंग तडकली की आत लाल बिया दिसतात, मुले त्या तोंडात घालतात. म्हणून शेंगा हिरव्या असतानाच काढून पुरून टाका. कुंडी मुलांच्या व जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी हा कंद वापरीत. नावही त्यावरूनच पडले. आज तसे मुळीच करू नका. कुणी खाल्लेच, तर उलट्या-जुलाब सुरू होण्याची वाट पाहू नका. घरगुती उपाय करीत न बसता १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा, आणि वेलीचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

फूल डोळ्यांनी पाहावे, हाती-तोंडी लागू देऊ नये, एवढे पथ्य पाळले तर कळलावी दर पावसाळ्यात आपले अंगण उजळील.