आपला शजरा : ऐकलेला आणि तपासलेला
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





'आपली घराणी व त्यांचा इतिहास' या विषयावर मला बोलण्यास सांगितले आहे. मी इतिहासाचा साधा शिक्षक आहे. तेव्हा पुस्तकी विवेचन न करता माझ्याच घरची हकीकत आपल्यापुढे मांडतो.

आमचे घर कोकणातले, खाडीकाठचे. आमचे दादा, म्हणजे आजोबा, रात्रीच्या जेवणानंतर सांगत, की आपला मूळपुरुष बसऱ्याचा सौदागर होता. हजार वर्षांपूर्वी त्याचे गलबत वादळात फुटले आणि तो आपल्या किनाऱ्याला लागला. दादांच्या पेटीत एक शजराही होता. त्या पुरुषापासून दादांपर्यंत त्यावर अकरा नावे होती. घरात त्या कागदाला फार मान.

याच कागदाच्या जोरावर माझ्या फुफीला आलेले एक चांगले स्थळ परत पाठवले गेले. मुलगा शिकलेला होता, नोकरीत होता. पण त्याचे वडील मचव्यावर खलाशी होते. "आपण बसऱ्याचे, ते मचव्यावरचे," एवढेच कारण. फुफीचे लग्न पुढे झालेच नाही.

नोकरीला लागल्यावर मी तो शजरा तपासायला घेतला. वंशावळ पारखण्याचा एक सोपा हिशेब इब्न खल्दून यांनी दिला आहे. 'मुकद्दिमा' हा त्यांचा ग्रंथ १३७७ सालचा. शंभर वर्षांत साधारण तीन पिढ्या होतात, असे ते सांगतात. या हिशेबाने हजार वर्षांत तीस पिढ्या व्हायला हव्यात. आमच्या कागदावर नावे अकरा! म्हणजे वीसएक नावे तरी गळाली असावीत, नाहीतर हजार वर्षांची गोष्ट मागाहून जोडली गेली असावी.

मग अरब व्यापारी कोकणात आलेच नव्हते काय? आले होते. अल-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास सैमूरला, आपल्या चौलला आला होता. तेव्हा राष्ट्रकूटांचे राज्य होते. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. तेव्हा दादांच्या गोष्टीला आधार अगदीच नाही असे नाही. परंतु 'बसऱ्याचे लोक चौलला होते' हे एक विधान झाले आणि 'आमचा पूर्वज त्यांतलाच' हे दुसरे. पहिल्याला मसूदीची साक्ष आहे. दुसऱ्यासाठी बापलेकाच्या प्रत्येक दुव्याची साक्ष लागते.

म्हणून मी उलट्या दिशेने निघालो. माहीत असलेल्या माणसापासून मागे. शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचे व दादांचे नाव, जन्मतारीख मिळाली. पणजोबा वारल्यानंतरच्या फेरफारात वारसांची नावे सापडली. त्यांत त्यांच्या दोन मुलींचीही नावे होती. शजऱ्यात त्या नव्हत्याच, कारण शजऱ्यात बायकांना जागाच ठेवलेली नव्हती.

पेटीच्या तळाशी एक मोडी कागद होता. घरात तो 'बादशाही सनद' म्हणून प्रसिद्ध होता. मोडीच्या जाणकाराकडून मी तो वाचून घेतला. सनद कसली, तो कर्जरोखा निघाला! त्यावर साल होते 'सलास सबैन मया व अलफ'. हे अरबी आकडे आहेत : तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७३. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवले की इसवी सन येतो. कागद १७७२-७३ चा ठरला.

कर्ज कशासाठी? मचव्याच्या दुरुस्तीसाठी. कर्ज घेणाऱ्याचे नाव शजऱ्यातल्या सहाव्या नावाशी जुळले. पण एकटे नाव जुळून भागत नाही. आपल्याकडे आजोबाचे नाव नातवाला ठेवतात. म्हणून बापाचे नाव आणि गाव पाहिले. दोन्ही जुळली. आणि नावापुढे धंदा लिहिला होता : तांडेल.

हा कागद मी फुफीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय होता रे?" मला उत्तर देता आले नाही.

विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत एक वही करा आणि तीन रकाने आखा : ऐकले, पाहिले, जुळले. घरातले वडीलधारे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत पहिल्या रकान्यात लिहा. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, हेही लिहा. निकाहनामा, शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, फेरफार, कबरीवरचा दगड हे दुसऱ्या रकान्यात. हिजरी साल असेल तर ध्यानात ठेवा, की तेहेतीस हिजरी वर्षे म्हणजे सुमारे बत्तीस इंग्रजी वर्षे. दोन निरनिराळ्या ठिकाणी एकच गोष्ट मिळाली, तरच ती तिसऱ्या रकान्यात न्या. आई, आजी, पणजी यांची नावे विसरू नका.

ऐकलेले खोडून मात्र टाकू नका. आमच्या शजऱ्यातली वरची चार नावे आजही माझ्या पहिल्या रकान्यात आहेत. उद्या पुरावा मिळाला तर पुढे सरकतील. न मिळाला तर दादांची आठवण म्हणून तेथेच राहतील.

पालकांना एकच विनंती. कुळे आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत आणि मोठेपणा परहेजगारीवर ठरतो, ही शिकवण आपण सूरह हुजुरातमधून लहानपणीच घेतो. मग सोयरीक जमवताना ती पेटीत का बंद होते? मुलगा काय शिकला, कसा वागतो, हे विचारा. त्याचा आजा मचव्यावर होता म्हणून कोणी नाक मुरडले, तर आधी आपल्या घरची पेटी तळापर्यंत उघडून पाहा.