खेळाचा संगणक आणि घरची शांतता

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. स्वयंपाकघरांतील भांडीं जागच्या जागीं लागलेलीं असतात, आजी अंथरुणाला पाठ टेकते, धाकटी मुलगी परीक्षेचें पुस्तक उघडून बसते; आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतून सूं-सूं असा आवाज सुरू होतो. दोन मिनिटांनीं तो चढतो, मग उतरतो, पुन्हां चढतो. थोरल्या चिरंजीवांचा खेळ रंगांत आलेला असतो. त्यांच्या कानांवर जाड गाद्यांचे हेडफोन असतात. म्हणून हा आवाज घरांतील सर्वांना ऐकूं येतो, फक्त त्यांना येत नाहीं. खेळासाठीं जुळविलेल्या संगणकाच्या गोंगाटाचा विचार करतांना ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. यंत्राचा मालक हा त्याच्या आवाजाचा परीक्षक होऊं शकत नाहीं. परीक्षा करावयाची ती शेजारच्या खोलींत, दिवे मालवल्यावर, आणि ज्याला झोप लागत नाहीं त्याच्या कानांनीं. पुष्कळ घरांत खेळाच्या नांवानें जो वाद माजतो, त्यांतला बराचसा वाद खरोखर पंख्यांचा असतो. पंखे शांत झाले तर खेळाविषयीं काय बोलावयाचें तें शांतपणें बोलतां तरी येईल.

हा आवाज येतो कोठून? संगणकाची चिप स्वतः मुकी असते. तिला दिलेली वीज शेवटीं जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती उष्णता वाहून नेण्यासाठीं पंखे लागतात. १९८९ सालीं निघालेला इंटेलचा ४८६ प्रोसेसर आरंभीं पंख्यावांचूनच चाले. १९९३ च्या पेंटियमला सुमारें १५ वॅट लागूं लागले व त्याच्या डोक्यावर पंखा बसला. २००४ मध्यें पेंटियम ४ च्या कांहीं जाती १०० वॅटच्या पलीकडे गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या ग्राफिक्स कार्डानें असा कांहीं घोष केला कीं, कंपनीच्या लोकांनींच आपल्या मालाची थट्टा करणारी एक चित्रफीत काढली. तींत तें कार्ड पालापाचोळा उडविण्याच्या कामीं लावलेलें दाखविलें होतें! पुढें २००६ सालीं इंटेलनें कोअर २ ड्युओ हा प्रोसेसर ६५ वॅटांत आणला आणि वेग वाढला म्हणजे उष्णता वाढलीच पाहिजे असें नाहीं, हें सिद्ध केलें. ग्राफिक्स कार्डांनीं मात्र हा धडा घेतला नाहीं. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० या कार्डाला ४५० वॅट लागतात. छताच्या जुन्या पंख्याला सुमारें ७५ वॅट लागतात, हें लक्षांत घेतलें तर एका कार्डांत सहा पंख्यांची वीज खर्ची पडते असें दिसेल.

आवाजाचें गणित थोडें चमत्कारिक आहे, आणि तें न समजल्यामुळें पुष्कळांचे पैसे वायां जातात. आवाज डेसिबलांत मोजतात. ३० आणि ३० डेसिबल मिळून ६० होत नाहींत, ३३ होतात. एक पंखा ४० डेसिबलचा आणि दुसरा ३० चा असेल, तर दोन्ही चालू असतां एकूण आवाज ४० च्या वर अर्धा डेसिबलहि चढत नाहीं. म्हणजे त्या ३० वाल्याच्या जागीं उंची किंमतीचा पंखा आणून बसविला, तरी कानाला कांहीं फरक कळणार नाहीं. दुकानांत जाण्यापूर्वीं सर्वांत मोठा आवाज कोणाचा, हें घरीं शोधावें. रीति सोपी आहे. कॅबिनेटची बाजूची पाटी काढावी आणि यंत्र चालू असतां एकेका पंख्याच्या मधल्या गोलावर पेन्सिलीच्या मागचें रबर हळूच टेकवून तो क्षणभर थांबवावा. ज्याच्या थांबण्यानें खोली एकदम मोकळी वाटेल, तो चोर. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरविणाऱ्या पेटीच्या, जाळींतून मात्र कांहींहि आंत घालूं नये. तेथें जिवाशीं गांठ आहे.

पंख्यांचा दुसरा नियम याहून उपयोगाचा आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्यांतून जाणारी हवा निम्मी होते. आवाज मात्र सुमारें १५ डेसिबलनें उतरतो, आणि कानाला तो पूर्वींच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच भासतो. हवेचा तोटा निम्मा आणि शांततेचा नफा एवढा मोठा, असा हा व्यवहार आहे. म्हणून ८० मिलिमीटरचा एक पंखा जोरानें पिटाळण्यापेक्षां १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन-तीन पंखे मिनिटाला सात-आठशें फेऱ्यांनीं सावकाश फिरूं द्यावे. त्यांतहि आवाज एकसारखा असला पाहिजे. छताचा पंखा रात्रभर घरघरत असतो आणि त्याच्या खालीं तान्हें मूल निवांत झोपतें. परंतु दर अर्ध्या मिनिटाला चढ-उतार करणारा बारीक आवाज मोठ्या माणसालाहि जागें ठेवतो. पुष्कळशा मदरबोर्डांच्या बायोसमध्यें किती तापमानाला पंख्यानें किती फिरावें हें ठरवितां येतें, आणि तापमान क्षणभर वर गेलें तरी पंख्यानें लगेच धांव घेऊं नये अशी सवडहि देतां येते. या कामाला एक पैसा लागत नाहीं. एक संध्याकाळ लागते. आणि नेमकें हेंच काम बहुतेक जण करीत नाहींत.

प्रोसेसरवर बसणारा कूलर हा प्रोसेसरबरोबर फुकट मिळालेला असला, तर तो बदलणें बहुधा फायद्याचें ठरतें. उंच मनोऱ्यासारख्या कूलरांत तांब्याच्या नळ्या असतात. नळींत अगदीं थोडें पाणी निर्वात स्थितींत कोंडलेलें असतें. खालच्या टोंकाला त्याची वाफ होते, वरच्या पत्र्यांत ती निवते, आणि नळीच्या आंतील सच्छिद्र अस्तरांतून पाणी दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें परत मूळ जागीं येतें. १९६३ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं ही नळी करून दाखविली, आणि आज ती घरोघरच्या संगणकांत मुकाट्यानें राबते आहे. असा कूलर घेतांना त्याची उंची व कॅबिनेटची रुंदी यांचा मेळ आधीं पाहावा. कित्येक मनोरे १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, आणि पाटी बसेनाशी झाली म्हणजे सारा बेत फसतो. पाण्यानें थंड करण्याची जी व्यवस्था मिळते तिला दिमाख आहे. पण तिलाहि पंखे लागतातच, आणि वर पंपाचा गुणगुणाट येतो. शांततेसाठीं ती घेण्याचें कारण नाहीं. ऑस्ट्रियाच्या नॉक्चुआ कंपनीनें २०२१ मध्यें एनएच-पी१ हा पंख्याशिवाय चालणारा भला थोरला कूलर काढला. त्याचें कौतुक जरूर करावें. परंतु मुंबईच्या मे महिन्यांत खेळाच्या यंत्रावर त्याचा भरंवसा धरूं नये.

येथें हवेचा प्रश्न येतो, आणि तो आपल्याकडे फारच महत्त्वाचा आहे. परदेशांतील परीक्षक ज्या खोलींत यंत्रें तपासतात, तिचें तापमान बहुधा वीस-बावीस अंशांवर ठेवलेलें असतें. नागपुरांत किंवा सोलापुरांत उन्हाळ्याच्या रात्रीं खोलींत तेंच तापमान बत्तिसाच्या वर सहज असतें. आणि खोली जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश यंत्राचे आंतले भागहि अधिक तापतात. तेथें मूक ठरलेलें यंत्र येथें त्यामुळेंच बोलूं लागतें. तीच गोष्ट कॅबिनेटची. आंतून स्पंजाचें अस्तर लावलेल्या व पुढून बंद दाराच्या पेट्या ‘निःशब्द’ म्हणून विकल्या जातात. थंड देशांत त्या ठीक असतील. येथें त्या उष्णता कोंडतात, कोंडलेली उष्णता पंख्यांना पळविते, आणि आवाज दाबण्यासाठीं घेतलेली पेटीच आवाजाचें कारण होते. पुढें बारीक जाळी असलेली, हवेला मोकळी वाट देणारी पेटी आपल्या हवेला अधिक मानवते. संगणकासाठीं म्हणून मिळणाऱ्या टेबलाच्या बंद कप्प्यांत तर यंत्र कधींच कोंबूं नये. आपलीच गरम हवा पुनःपुन्हां पिऊन तें बेजार होतें. काचेच्या भिंती आणि रंगीबेरंगी दिवे यांनीं आवाज कमी होत नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आतां ग्राफिक्स कार्ड. बहुतेक घरांत चोर सांपडतो तो येथेंच. २०१४ च्या सुमारापासून पुष्कळ कार्डांचे पंखे साधें काम चालू असतां आपोआप थांबतात. खेळ सुरू झाला कीं धांवतात. त्यांना आवरण्याचे दोन उपाय आहेत. पहिला, चित्रांच्या गतीला मर्यादा घालणें. पडदा सेकंदाला ६० चित्रें दाखविणारा असेल आणि कार्ड दोनशें काढीत असेल, तर वरचीं सगळीं चित्रें म्हणजे निव्वळ उष्णता. खेळाच्या पहिल्या पाटीवर, जेथें अजून कांहींच हलत नसतें, तेथें कार्ड कित्येकदां सर्वांत अधिक कोकलतें तें याचमुळें. ६० च्या पडद्याला ६० ची मर्यादा घातली कीं पंखे बहुधा त्याच क्षणीं खालीं येतात. दुसरा उपाय विजेचा दाब थोडा उतरविण्याचा. चिपला लागणारी वीज ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, १.०५ व्होल्टांच्या जागीं ०.९ व्होल्टांवर तोच वेग टिकला, तर या हिशेबानें सुमारें चौथा हिस्सा उष्णता वांचते. प्रत्येक कार्ड तितकें खालीं उतरेलच असें नाहीं. थोडें थोडें उतरवीत जावें आणि खेळ मध्येंच बंद पडूं लागला कीं एक पायरी वर यावें. कारखान्यांतून कार्डें येतात तीं शेवटच्या शेंकडा चार-पांच वेगासाठीं जादा वीज ओतणाऱ्या स्थितींत येतात, आणि त्या शेवटच्या वेगाची किंमत सारें घर कानांनीं मोजतें.

एसएमपीएसचा हिशेब लहान आहे. यंत्राला ३०० वॅट लागत असतां पेटीची कार्यक्षमता शेंकडा ८० असेल तर तिच्या पोटांत ७५ वॅट जळतात. ९० असेल तर ३३. ही उष्णता काढावयाला तिचा स्वतःचा पंखा असतो, म्हणून येथें स्वस्ताई करूं नये. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०, आणि तिची घुमणारी थरथर पत्र्याच्या पेटीला व पेटी जमिनीला देते. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यालाहि ती कधीं कधीं पोंचते. तिच्या जागीं एसएसडी घेतली कीं तो प्रश्न मुळापासून मिटतो, कारण तींत हलणारें कांहींच नसतें.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा पुण्याची तपकीर गल्ली काय, तेथें विकत घेण्याचा मोह मोठा असतो. पण जुन्या यंत्राची सुधारणा करतांना नवा भाग किती वेगवान, हें विचारण्याबरोबरच त्याला किती वॅट लागतात, हेंहि विचारावें. एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. २०१७ सालीं एएमडी कंपनीच्या एएम४ या बैठकीचे मदरबोर्ड आणि रायझेन ५ १६०० हा प्रोसेसर पुष्कळांनीं घेतला. त्याला सहा गाभे आणि ६५ वॅटांची मर्यादा. पांच वर्षांनीं, एप्रिल २०२२ मध्यें, त्याच बैठकींत बसणारा रायझेन ७ ५७००एक्स निघाला. त्याला आठ गाभे, काम कितीतरी अधिक, आणि मर्यादा तीच ६५ वॅटांची! ज्या घरांत मदरबोर्डाच्या कारखानदारानें ही सोय दिली होती, तेथें बोर्ड, रॅम, कूलर, पंखे सारें जागच्या जागीं राहिलें. त्याच महिन्यांत आलेला ५८००एक्स३डी हा खेळांत आणखी वेगवान होता. पण त्याची मर्यादा १०५ वॅटांची, आणि तो थंड ठेवणेंहि अवघड. झोपेची चाड असणाऱ्या घरानें पहिला निवडला तर तें शहाणपणाचें म्हणावें लागेल. मात्र असा बदल करतांना नवें बायोस आधीं घालावें व मगच जुना प्रोसेसर काढावा. उलट क्रम केला तर पडदा काळाच राहतो आणि जुना प्रोसेसर पुन्हां बसविण्याची पाळी येते. ग्राफिक्स कार्डांतहि असेंच घडलें. २०१६ च्या जीटीएक्स १०७० ला १५० वॅट लागत; २०२३ चें आरटीएक्स ४०६० हें ११५ वॅटांत त्याहून बरेंच अधिक काम करतें.

एवढें केल्यावर उरते ती धूळ. आपल्या शहरांत खिडकी उघडी टाकली तर जाळी महिन्याभरांत करडी होते. हवेची वाट बुजली कीं पंखे पुन्हां वेग घेतात, आणि मालकाला वाटतें यंत्र जुनें झालें. पुढच्या जाळ्या महिन्यांतून एकदां काढून धुवाव्या व पुऱ्या वाळवून लावाव्या. आंतली सफाई दिवाळीच्या साफसफाईबरोबर करावी: तार काढून ठेवावी, मऊ कुंचल्यानें पत्र्यांमधली धूळ सोडवावी, आणि हवेचा झोत मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहींतर झोतानें पंखा भलत्या वेगानें फिरून त्याची बैठक बिघडते. तीन-चार वर्षांनीं कूलर उचलून पाहावा. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असल्यास ती पुसून काढावी आणि मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी घालून कूलर चारी बाजूंनीं सारखा आवळावा.