एका सालाच्या जमिनीवर आंबा कोण लावेल?
(पाड्यांच्या सभेत केलेलं भाषण)



भात झोडून झालं की मुकादम उचल घेऊन दारात उभा राहतो. आधी उचल घेतात ती नवीन लग्न झालेली जोडपी. बापाच्या दोन एकरांत चार भाऊ वाटेकरी. पोरांनी नांगर धरायचा तरी कुठे? त्यांच्यासाठी गावाने सामाईक शेती उभी करावी, असं आम्ही म्हणतो. ती कशी असावी, यासाठी एक लांबची हकिगत सांगतो.

लाओस देशाच्या डोंगरात हमोंग लोक राहतात. त्यांची जुनी शेती आपल्या दळीसारखी. झाडोरा तोडून जाळायचा, राखेत बी टाकायचं, जमीन दमली की पुढे सरकायचं. तिथल्या लढाईत अमेरिकेने त्यांच्यातल्या पुष्कळांना आपल्या बाजूने लढवलं. १९७५ साली ती बाजू हरली. हजारो माणसं मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेली. तिथून कितीतरी जण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पोचले.

शेती हातात होती, जमीन नव्हती. खंडाने तुकडा घ्यायचा, भाजी पिकवायची, सेंट पॉल शहराच्या बाजारात विकायची. पण पुढच्या साली मालक नाही म्हणाला की सगळं गेलं. मग खत कोण घालेल? फळझाड कोण लावेल?

२०११ साली त्यांनी संघटना केली, हमोंग अमेरिकन फार्मर्स असोसिएशन. पुढे शहराबाहेर १५५ एकर जमीन लांब मुदतीने हाती आली. प्रत्येक कुटुंबाचा तुकडा वेगळा, पीक त्याचं, पैसा त्याचा. माल थंड ठेवायची जागा आणि शिकवणी मात्र सगळ्यांची. शाळांना माल पुरवायचं काम संघटना बघते.

आपण काय करायचं? नवीन जंगल तोडायचं नाही. त्याने आपलेच दावे अडचणीत येतील. पण सातबाऱ्याची वरकस जमीन पडून आहेच. कुणाकडे बैल नाही, कुणाच्या घरात माणूस नाही. मालकी मालकाचीच राहू द्या. कसायला मात्र निदान दहा सालं द्या, आणि ते ग्रामसभेत लिहून ठेवा. तोंडी बोलणं भांडणात टिकत नाही. दहा सालं मिळाली तरच पोरं बांध घालतील, मोगरा लावतील. बैल, बी, कुंपण गावाने मिळून बघावं.

कुणी म्हणेल, सामाईक शेती झाली, आता दाव्याच्या मागे कशाला लागायचं? तसं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंत पट्टा मिळतो, नवरा-बायको दोघांच्या नावाने. तो आपला हक्क आहे. सामाईक शेती ही सोय आहे. सोयीसाठी हक्क सोडायचा नाही.

येत्या ग्रामसभेला प्रत्येक पाड्याने दोन याद्या आणाव्या. एक पडीक जमिनीची, दुसरी अडकलेल्या दाव्यांची. दोन्ही याद्या एकाच दिवशी वाचू.

जिंदाबाद!