हिरवळीचं शास्त्र आणि बिंग्लेचा धडा



 परिषदेच्या अध्यक्षाने मैदान राखण्याच्या आपल्या व्यवसायाच्या सद्यस्थितीचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो आढावा उद्याच्या परिसंवादांत सविस्तर होईलच. मी आज एका संस्थेचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे, कारण आपण आज ज्या वळणावर उभे आहोत, तिथे ती संस्था जवळपास शंभर वर्षांपूर्वी उभी होती.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्डजवळ बिंग्ले नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट आइव्ह्ज इस्टेटीवर १९२९ साली ‘बोर्ड ऑफ ग्रीनकीपिंग रिसर्च’ सुरू झालं. सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब आणि ब्रिटनमधल्या गोल्फ संघटना यांनी पैसा उभा केला आणि आर. बी. डॉसन हे पहिले संचालक झाले. त्याआधी अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२० साली आपला ‘ग्रीन सेक्शन’ काढला होता आणि वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला गवताचे वाफे पाडून प्रयोग चालवले होते. ब्रिटनला ते उदाहरण समोर होतं.

गरज का पडली? पहिल्या महायुद्धानंतर गोल्फ झपाट्याने वाढला. क्लब बियाण्यावर आणि खतावर भरपूर खर्च करत. पण कोणतं बी घ्यावं आणि खत किती टाकावं, हे बहुतेक ठिकाणी बी-खत विकणारेच सांगत. ग्रीनकीपरकडे, म्हणजे गोल्फचं मैदान राखणाऱ्याकडे, पिढीजात अनुभव होता, पण एका गावचा अनुभव दुसऱ्या गावच्या मातीत लागू पडेल याची खात्री नव्हती. ज्याला काहीही विकायचं नाही आणि जो आधी वाफ्यावर करून बघतो, असा सल्लागार हवा होता. बिंग्लेचा पाया इथे आहे.

कामाची रीत साधी होती. क्लबकडून अडचण यायची. संस्थेचा माणूस मैदानावर जाऊन मातीचा नमुना काढायचा, मुळं किती खोल गेली आहेत ते बघायचा आणि लेखी अहवाल द्यायचा. तोच प्रश्न अनेक ठिकाणांहून आला की बिंग्लेला त्याचे वाफे पडायचे. निष्कर्ष संस्थेच्या नियतकालिकात छापून यायचे आणि ग्रीनकीपर मंडळींसाठी वर्ग भरायचे. प्रश्न मैदानातून निघाला आणि उत्तर मैदानात परत गेलं. डॉसन यांनी १९३९ साली ‘प्रॅक्टिकल लॉनक्राफ्ट’ हा ग्रंथ लिहिला, तोही अशाच कामातून.

यातला एक विषय आपल्या मातीशी थेट जोडलेला आहे. ओल्या थंड हवेत गोल्फच्या ग्रीनवर गांडुळं चिखलाच्या ढिगुळ्या टाकतात. चेंडू अडखळतो, यंत्राखाली त्या ढिगुळ्या चेपल्या जातात आणि तिथे तण धरतं. त्यावर त्या काळी हुकमी उपाय होता मोहाची पेंड. आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात जो मोह आहे, त्याच्या बियांतून तेल काढल्यावर उरणारी पेंड हिंदुस्थानातून जहाजाने विलायतेला जायची. ती ग्रीनवर पसरायची आणि भरपूर पाणी मारायचं. पेंडीतल्या सॅपोनिनमुळे काही मिनिटांत गांडुळं वर यायची आणि माणसं ती खराट्याने झाडून गोळा करायची. तिचं पाणी ओढ्या-तळ्यांत गेलं तर मासे मरतात, हे आपल्याकडच्या आदिवासींना पूर्वापार ठाऊक होतं.

पुढे शिशाचं आर्सेनेट आलं, दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोर्डेन आलं. एकदा टाकलं की गांडुळं बराच काळ फिरकत नसत, म्हणून ते सर्वत्र वापरलं गेलं. या विषांचा मातीत आणि प्राण्यांत साठा होतो हे कळल्यावर ती एकामागून एक बंद झाली, क्लोर्डेन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. आज तिथले तज्ज्ञ गांडुळं मारण्याची भाषा सोडून माती किंचित आम्ल ठेवणं, कापलेलं गवत उचलून नेणं, ढिगुळ्या वाळल्यावर झाडणं हे सांगतात. गांडूळ माती भुसभुशीत करतं आणि निचरा राखतं, हे मान्य करूनच सल्ला दिला जातो. एकाच प्रश्नाचं उत्तर एका आयुष्यभराच्या काळात एवढं बदललं. नोंदी सलग असल्या की शास्त्र स्वतःला दुरुस्त करू शकतं.

१९५१ साली संस्थेने ‘स्पोर्ट्स टर्फ रिसर्च इन्स्टिट्यूट’ हे नाव घेतलं. गोल्फसोबत फुटबॉल, क्रिकेट, टेनिस, बोल्स, रग्बी हे सगळे खेळ तिच्या कक्षेत आले. १९६९ साली हिरवळ संशोधकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद यॉर्कशायरमध्येच, हॅरोगेटला भरली. या विषयाला जगभर विद्याशाखेचा दर्जा मिळाला, त्यात बिंग्लेचा वाटा मोठा आहे.

माझ्या मते संस्थेचं सर्वांत मोलाचं काम मोजमापाचं आहे. ‘मैदान छान आहे’ हे वाक्य प्रत्येक जण आपापल्या अर्थाने वापरतो. १९७६ साली पीटर कॅनवे यांनी गवताची झीज करणारं यंत्र बनवलं. त्याच्या चाकांना फुटबॉलच्या बुटांसारखे स्टड होते, आणि पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत. त्यामुळे स्टड नुसते दाबत नसत, घसरत आणि गवत ओरबाडत जात, खेळाडूचा पाय वळताना होतं तसंच. हंगामभराची झीज थोडक्या दिवसांत वाफ्यावर घडवता येऊ लागली आणि कोणतं वाण तगतं ते उघड दिसू लागलं.

१९८० च्या दशकात काही इंग्लिश फुटबॉल क्लबांनी प्लास्टिकची मैदानं घातली. पहिलं १९८१ साली क्वीन्स पार्क रेंजर्सचं. मग प्रश्न आला की खरं गवत आणि प्लास्टिक यांची तुलना कशावर करायची? चेंडू किती उसळतो, किती लांब घरंगळतो, पायाला पकड किती मिळते, हे सगळं आकड्यांत आणावं लागलं. पकड मोजायचं बिंग्लेचं उपकरण मला फार आवडतं. सुमारे पंधरा सेंटिमीटर व्यासाची तबकडी, तिच्या तळाला सहा स्टड, वर लोखंडी वजनं. ती गवतावर टेकवायची आणि टॉर्क पान्याने फिरवायची. गवताची वीण फाटून तबकडी फिरते त्या क्षणी पान्यावरचा आकडा वाचायचा. एवढंच. पण या आकड्यामुळे माळी, खेळाडू आणि पंच एकाच भाषेत बोलू शकतात.

विम्बल्डनचं उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचं आहे. तिथे पूर्वी सत्तर टक्के रायग्रास आणि तीस टक्के रेड फेस्क्यू असं मिश्रण पेरत. संस्थेच्या चाचण्यांनंतर २००१ पासून शंभर टक्के बहुवर्षायू रायग्रास आलं, झीज कमी व्हावी म्हणून. गवताची उंची ८ मिलिमीटर ठेवतात, आणि स्पर्धेच्या काळात मातीचा कठीणपणा, ओलावा आणि गवताचा हिरवेपणा रोज मोजला जातो. दोन आठवड्यांच्या खेळामागे एवढ्या वर्षांची तयारी असते.

मित्रहो, आता आपल्याकडे वळतो. बिंग्लेची रीत घ्यावी, बिंग्लेची पाककृती घेऊ नये. रायग्रासला थंड हवा मानवते, आपलं मैदान हरळीवर उभं आहे, जी मे महिन्याचं ऊन सोसते आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर धावत सुटते. तिकडे पाऊस वर्षभर विभागून पडतो, मुंबईला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळतो. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, कोकणातल्या जांभ्याची तऱ्हा निराळी. या प्रश्नांची उत्तरं यॉर्कशायरच्या वाफ्यावर मिळणार नाहीत.

आणि आपण कोरी पाटी घेऊन बसलेलो नाही. कोल्हापूरच्या तालमीत हौद्याची तांबडी माती चाळून तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरवण्याची परंपरा आहे. पैलवानाचं अंग सोलू नये, जखम चिघळू नये, माती भुसभुशीत राहावी, हा विचार त्यामागे आहे. खेळाची जमीन ही जोपासायची गोष्ट आहे, हे आपल्या वस्तादांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून कळलेलं होतं. राहिलं ते लिहून ठेवणं आणि मोजणं. आपला जुना माळी निवृत्त होतो, त्या दिवशी तीस वर्षांचं ज्ञान मैदानाच्या फाटकातून बाहेर जातं. हे नुकसान आपण थांबवू शकतो.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्याकडे आहेत, चार वेगवेगळ्या हवामानांत आणि मातींत. प्रत्येकाने खेळाच्या हिरवळीसाठी थोडी जमीन राखून ठेवली, तर महाराष्ट्राची सगळी विविधता प्रयोगाखाली येईल. क्रीडा संघटनांनी खर्चाचा वाटा उचलावा, जसा गोल्फ संघटनांनी तेव्हा उचलला. सल्ला देणाऱ्याचा बी-खताच्या विक्रीशी संबंध नसावा. आणि मैदानावर राबणाऱ्या माणसाला कायम नोकरी, प्रशिक्षण आणि नावाने मान मिळावा, कारण शेवटी नोंद त्याच्याच हाताने व्हायची आहे.

या आशयाचा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडला जाईल. त्याला आपण एकमताने पाठिंबा द्यावा, आणि ठरावाची वाट न बघता आपापल्या मैदानावर पाऊस, पाणी, कापणी, खत आणि रोलर यांची वही येत्या सोमवारपासून सुरू करावी, अशी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.