अंथरूण भिजविणारें मूल

भंडारा जिल्ह्यांतील कोंढा गांवीं काय किंवा मुंबईच्या चाळींत काय, सकाळीं वाळत घातलेली गोधडी शेजाऱ्यांस घरचें गुपित सांगते आणि शाळेंत जाणारें मूल मान खालीं घालतें.

वस्तुतः हा आळस नव्हे, हट्टही नव्हे. मूत्राशय भरल्याची सूचना गाढ झोपेंत त्याला जागें करीत नाहीं. कांहीं मुलांत रात्रीं मूत्रही अधिक बनतें. ७ व्या वर्षीं शंभरांतील सुमारें ५ ते १० मुलांत ही तक्रार आढळते. ती पुष्कळदां आनुवंशिक असते. रागावणाऱ्या वडिलांचें अंथरूणही लहानपणीं भिजत असण्याचा संभव असतो.

म्हणून मार व भावंडांदेखत हेटाळणी प्रथम बंद करावी. पाणी दिवसां भरपूर, रात्रीं बेताचें द्यावें. सायंकाळीं चहा टाळावा, बद्धकोष्ठ दूर करावें, निजण्यापूर्वीं लघवीस पाठवावें. ओल लागतांच वाजणारी घंटा, जिचा प्रयोग अमेरिकेंत मावरर दांपत्यानें १९३८ मध्यें प्रसिद्ध केला, दोनतीन महिने नेटानें वापरल्यास पुष्कळांस गुण येतो. मात्र सहा महिने कोरडें राहिलेलें मूल पुन्हा भिजवूं लागलें, लघवीस जळजळ झाली किंवा तहान फार वाढली, तर डॉक्टरांस विनाविलंब दाखवावें.

एरवीं वयाबरोबर ही तक्रार बहुधा नाहींशी होते. तोंवर गोधडी बदलतांना मुलाला लाजवूं नये, एवढें तरी आईबापांच्या हातीं असतें.