जुन्या चित्रपटांच्या रसिकांचे वाद

पडदा मावळतो, दिवे लागतात, आणि खेळ संपला असें दारावरच्या माणसास वाटतें. जुन्या चित्रपटांच्या खऱ्या शौकिनाचा खेळ मात्र तेव्हांच सुरू होतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत एखादा जुना बोलपट पाहून चारपांच रसिक बाहेर पडावेत, चहाच्या पेल्यांभोंवतीं बसावेत, आणि पहिला पेला रिकामा होण्याच्या आंत त्यांच्यांत जुंपावी, हें नित्याचें आहे. आरंभ गोड असतो. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आठवून कोणी डोळे मिटतो. 'कुंकवां'तील शांता आपटे यांचा करारी चेहरा दुसऱ्यास दिसूं लागतो. मग बोलण्याच्या ओघांत कोणीतरी 'पहिला' हा शब्द उच्चारतो, आणि गोडी तेथेंच संपते.

आपल्या देशांतील पहिला चित्रपट कोणता? ह्या साध्या प्रश्नावर महाराष्ट्रांतील रसिकांनीं जितका आवाज चढविला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नावर चढविला असेल. एक पक्ष दादासाहेब फाळके यांचा, दुसरा दादासाहेब तोरणे यांचा. दोघेही दादासाहेब, त्यामुळें 'दादासाहेबांनीं पाया घातला' एवढ्यावर दोन्ही पक्ष माना डोलावितात आणि पुढच्याच वाक्याला हातघाईवर येतात.

तोरणे-पक्षाची कैफियत अशी. १८ मे १९१२ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमाटोग्राफ ह्या चित्रगृहांत तोरणे यांचा 'श्रीपुंडलिक' दाखविण्यांत आला. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' निमंत्रितांनीं ऑलिंपिया चित्रगृहांत पाहिला तो २१ एप्रिल १९१३ रोजीं, आणि सर्वसामान्य प्रेक्षकांपुढें आला तो ३ मे १९१३ रोजीं, आणि तोही त्याच कॉरोनेशनमध्यें! एकाच पडद्यावर एक चित्रपट दुसऱ्याच्या जवळजवळ एक वर्ष आधीं झळकला असतां, मागून आलेल्यास ज्येष्ठपणाचा टिळा कां लावावा?

फाळके-पक्षाचें उत्तर तयार असतें. 'पुंडलिक' म्हणजे रंगभूमीवर चाललेल्या नाटकाचें चित्रण. यंत्र चालविणारा इंग्रज, आणि फीत धुण्यास धाडली ती लंडनला. ह्याला स्वदेशी चित्रपट कसें म्हणावें? उलट फाळके यांनीं १९१२ सालीं स्वतः लंडन गांठलें, यंत्र आणलें, विमा-पॉलिसी गहाण ठेवली, आणि दादरच्या राहत्या घरांतच कारखाना थाटला. पत्नी सरस्वतीबाई यांनीं फितीला भोकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत हात लाविला. तारामती होण्यास कोणी स्त्री मिळेना, तेव्हां अण्णा साळुंके यांस लुगडें नेसविलें. सुमारें ३७०० फुटांचें हें चित्र पडद्यासाठींच रचलेलें होतें. तें नाटकाची छाया नव्हे.

ह्यावर तोरणे-पक्ष गप्प बसत नाहीं. फाळके यांचें यंत्र तरी कोठें नाशकास घडलें होतें? कोरी फीत तरी कोणत्या स्वदेशी गिरणींत निघाली होती? आणि सारीं पौराणिक चित्रें रंगभूमीचेंच बोट धरून चाललीं असतां एकट्या 'पुंडलिका'सच नाटकाचें लेंकरूं म्हणून घराबाहेर कां काढावें? इतक्यांत कोपऱ्यांतला तिसरा रसिक घसा खाकरतो आणि सावेदादांचें नांव घेतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालींच मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली होती, आणि रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले तेव्हांचा स्वागत-समारंभही टिपला होता. मग ते पहिले कां नव्हेत? क्षणभर दोन्ही दादासाहेबांचे भक्त एक होऊन सावेदादांच्या भक्तावर तुटून पडतात.

भाऊबंदकींत शेताच्या एका बांधापायीं दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तसाच हा प्रकार आहे. १९६९ पासून केंद्र सरकारचा सर्वोच्च चित्रपट-पुरस्कार फाळके यांच्या नांवें दिला जातो. २०१३ सालीं चित्रसृष्टीची शताब्दी 'राजा हरिश्चंद्रा'पासून मोजण्यांत आली, तेव्हां तोरणे-पक्षाची तक्रार खरोखरच न्यायालयापर्यंत गेली. वास्तविक तारखांविषयीं दोन्ही पक्षांत मतभेद नाहींच. भांडण आहे तें 'चित्रपट' ह्या शब्दाच्या अर्थाविषयीं. हलणारें कोणतेंही चित्र म्हणजे चित्रपट म्हटलें तर सावेदादा पुढें येतात. कथा सांगणारें चित्र म्हटलें तर तोरणे. पडद्यासाठीं रचलेली आणि येथेंच सिद्ध झालेली कथा म्हटलें तर फाळके. व्याख्या आधीं ठरवावी आणि मान मागून द्यावा, एवढें पथ्य पाळलें तर तिघांनाही आपापला पाट मिळतो, आणि कोणालाही पंक्तींतून उठवावें लागत नाहीं.

परंतु ह्या कलहाची अधिक दुःखद बाजू निराळीच आहे. ज्या 'पुंडलिका'चे गुणदोष इतक्या आवेशानें सांगितले जातात, तो भांडणाऱ्यांपैकीं कोणीही पाहिलेला नाहीं. त्याची प्रत आज उपलब्ध नाहीं. 'राजा हरिश्चंद्रा'चा कांहीं भाग संग्रहालयांत आहे, पण तो १९१३ च्या मूळ चित्राचा कीं फाळके यांनींच १९१७ सालीं पुनश्च केलेल्या 'हरिश्चंद्रा'चा, ह्याविषयींही अभ्यासकांत शंका आहे. म्हणजे एका पक्षाचा पुरावा नष्ट झाला आहे, आणि दुसऱ्याच्या पुराव्यावरील तारीख पुसट आहे.

हीच दशा इतरांचीही झाली. मूकपटांच्या काळांत येथें तेराशेंच्या आसपास चित्रें निघालीं. आज पूर्ण वा अपूर्ण स्वरूपांत हातीं लागतात तीं जेमतेम तीस. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें लागलेला पहिला बोलपट 'आलम आरा', तोही गेला. ह्याचीं कारणें गूढ नाहींत. त्या काळची फीत नायट्रेटची असे; स्फोटक कापसाच्याच जातीचा हा पदार्थ एकदां पेटला म्हणजे विझतां विझत नाहीं, आणि न पेटला तरी उष्ण दमट हवेंत आपोआप कुजून त्याची भुकटी होते. शिवाय फितीवर चांदी असे. खेळ चालेनासा झाला कीं व्यापारी जुन्या फिती विकत आणि घेणारा त्यांतून चांदी काढून घेई. संग्रहालय पुण्यास स्थापन झालें तेंच १९६४ सालीं. तोंवर फार उशीर झाला होता. जें वांचलें त्यावरही जानेवारी २००३ मधील आगीनें घाला घातला, आणि नायट्रेटच्या अनेक फिती, प्रभातच्या कांहीं फितीही त्यांत, जळून गेल्या.

अशा स्थितींत रसिकांच्या गप्पांना एक निराळीच किंमत येते. जेथें चित्र उरलें नाहीं तेथें चित्राविषयींचें बोलणेंच काय तें उरतें. 'पुंडलिका'च्या तारखेचा दाखला मिळतो तो मे १९१२ च्या वर्तमानपत्री जाहिरातीवरून, पडद्यावरून नव्हे. म्हणून भांडणाऱ्या रसिकावर एक जबाबदारी येऊन पडते. त्यानें हौसेनें ठोकून दिलेली थाप आज चहाबरोबर विरून जाईल, पण उद्यां तीच कोणाच्या तरी लेखांत इतिहास म्हणून उतरेल, आणि तिला खोटें ठरविणारी फीत जगांत कोठेंही नसेल.

थाप दर वेळीं हेतुपुरस्सर असते असेंही नाहीं. पुष्कळदां नामसादृश्यच घात करतें. 'सैरंध्री' म्हटली म्हणजे एकास बाबुराव पेंटर यांचा १९२० चा मूकपट आठवतो, तर दुसऱ्यास प्रभातचा १९३३ चा बोलपट, ज्याची फीत रंगांसाठीं जर्मनीस गेली होती. 'सिंहगड' १९२३ सालीं बाबुरावांनीं काढला आणि १९३३ सालीं प्रभातनें. 'सावकारी पाश' तर बाबुरावांनींच दोनदां केला, १९२५ सालीं मुका आणि १९३६ सालीं बोलका. दोन विद्वान् घटकाभर हमरीतुमरीवर यावेत, आणि शेवटीं कळावें कीं एक जण एका चित्राविषयीं बोलत होता व दुसरा दुसऱ्याच! सालाचा आंकडा आरंभींच उच्चारला असता तर चहा निवला नसता.

तेव्हां रसिकांनीं भांडूं नये असें मुळींच नाहीं. वादांतून तत्त्व हातीं येतें असें शास्त्रकारच सांगून गेले आहेत, आणि ज्या चित्रांवरून कोणी भांडतही नाहीं तीं खरोखरच मेलीं असें समजावें. फक्त तीन गोष्टी निराळ्या ठेवाव्या: 'मीं पाहिलें', 'मीं वाचलें', आणि 'मीं ऐकलें'. ज्यानें पाहिलें त्यानें केव्हां व कोठें तें सांगावें. ज्यानें वाचलें त्यानें कोठें तें सांगावें. आणि ज्यानें नुसतें ऐकलें त्यानें आवाज थोडा खालीं ठेवावा. प्रतिपक्षाच्या आवडत्या माणसास लहान केल्यानें आपला माणूस मोठा होत नाहीं. तोरणे यांस नाकारल्यानें फाळके यांच्या कष्टांत भर पडत नाहीं, आणि फाळके यांस खालीं ओढल्यानें 'पुंडलिका'चा एक फूटही परत मिळत नाहीं.

ह्याहून उपयोगाचें काम पुष्कळांच्या घरींच पडलेलें आहे. आजोबांच्या ट्रंकेंत, माळ्यावरच्या गांठोड्यांत, जुन्या रद्दींत बोलपटांच्या गाण्यांचीं पुस्तकें, हस्तपत्रकें, जाहिराती आणि क्वचित् फितीचा एखादा गंजका डबाही असतो. दिवाळीची साफसफाई आली कीं तो ऐवज रद्दीवाल्याच्या तागडींत जाऊन बसतो. ती ट्रंक बाहेर फेंकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी, कागद उन्हापाण्यापासून जपावे, आणि फितीचा डबा निघाल्यास तो देवघराच्या दिव्यापासून दूर ठेवून संग्रहालयास तांतडीनें कळवावें. त्या डब्यांतून कोणाचे दादासाहेब निघतील तें आधीं सांगतां येत नाहीं; पण ते निघाले तर दोन्ही पक्षांना एका बांकावर बसून तें चित्र प्रथम पाहावें लागेल, आणि भांडण त्यानंतर.